ट्रेलर जोडला की टायर-प्रेशरचा अलार्म वाजतोच: दोष हवेत, आकड्यात की सिग्नलमध्ये?

कॅम्पिंग ट्रेलरला टीपीएमएस, म्हणजे चाकांवरच्या सेन्सरकडून टायरचं प्रेशर घेऊन गाडीतल्या स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा, बसवलं की सुरुवातीला निर्धास्त वाटतं आणि मग एक ठरलेलं रडगाणं सुरू होतं. सकाळी निघताना एक चाक लाल दिसतं. गेज लावावं तर हवा ठीक. दुपारी दुसरंच चाक वाजतं, लांब चढ चढून गेल्यावर तिसरं, आणि मधेच आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा. टायरचं काम करणारा साबणाचं पाणी फिरवून बघतो, त्याला काही सापडत नाही. पुढच्या प्रवासात पुन्हा तेच.

यावर बरेच जण एकच उपाय करतात: अलार्मची मर्यादा खाली ओढतात. आवाज थांबतो खरा, पण मग ते यंत्र लावून ठेवण्यात काही अर्थ उरत नाही. त्यापेक्षा नसलेलं परवडलं, निदान माणूस खाली वाकून चाकांकडे बघतो तरी.

सेटिंगला हात लावण्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते. अलार्म वाजतोय तो टायरमधल्या हवेमुळे, की हवा बरोबर असून ती ज्या आकड्याशी ताडली जाते तो आकडा चुकल्यामुळे, की सेन्सरचा सिग्नल रिसीव्हरपर्यंत पोचत नसल्यामुळे? बझरचा आवाज तिन्ही वेळा सारखाच, उपाय मात्र एकाचा दुसऱ्याला चालत नाही. सिग्नलच्या दोषावर हवा भरून उपयोग नाही, आणि गळक्या व्हॉल्व्हवर सेटिंग बदलणं तर सरळ धोक्याचं.

ट्रेलरच्या बाबतीत हे इतकं लावून धरायचं कारण आहे. कारचा टायर बसला तर स्टिअरिंग ओढतं, सीटखाली थरथर जाणवते. ट्रेलरचं तसं नाही. दोन अ‍ॅक्सल असतील तर एका टायरची हवा गेली तरी शेजारचा टायर त्याचा भार उचलतो, ट्रेलर सरळच चालत राहतो आणि चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. जवळजवळ दुप्पट ओझं घेतलेला तो शेजारचा टायरही मग तापून जातो. कारचं स्वतःचं टीपीएमएस इथे कामाचं नाही. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ही व्यवस्था बंधनकारक झाली, पण ती कारच्या चार चाकांपुरती. काही नव्या गाड्यांना कारखान्यातूनच ट्रेलरचे सेन्सर जोडण्याची सोय असते. बाकीच्यांनी ट्रेलरवर वेगळं किट लावायचं, आणि वर सांगितलेली तक्रार मुख्यतः या किटांची आहे.

आधी गेज, मग बाकी सगळं

एक बऱ्यापैकी गेज घ्या आणि कायम तेच वापरा. स्वस्त गेजमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सहज असतो, सेन्सरमध्येही एक-दोनचा. त्यामुळे तीन उपकरणं तीन आकडे दाखवणार, हे गृहीत धरा. आपल्याला अचूकपणापेक्षा सातत्य हवं. रोज तेच गेज असेल, तर कालच्या आणि आजच्या आकड्यातला फरक खरा असतो.

माप थंड टायरचं घ्यायचं. थंड म्हणजे ट्रेलर किमान तीन तास उभा आहे आणि चाकांवर ऊन नाही. त्या वेळचे गेजचे आकडे, स्क्रीनवरचे आकडे आणि हवेचं तापमान एका कागदावर चाकवार लिहून ठेवा. पुढे अलार्म वाजला की सुरक्षित जागी थांबून लगेच त्याच चाकाला गेज लावा. हवेचं तापमान नोंदीइतकंच असून गेज आणि स्क्रीन दोन्ही कमी दाखवत असतील तर हवा गेली आहे. गेज ठीक आणि स्क्रीन लाल असेल तर आकड्याचा घोळ. स्क्रीनवर काहीच नसेल तर सिग्नल. इतकं कळलं की पुढचा निम्मा शोध वाचतो.

टोपीसारखा व्हॉल्व्हवर बसणारा सेन्सर असेल तर गेज लावायला तो काढावा लागतो, आणि काढताक्षणी हवा गेल्याचा अलार्म वाजतो. तो आवाज यादीत धरू नका.

फक्त सकाळी वाजणारा अलार्म

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

समजा ट्रेलरच्या प्लेटवर (बनवणाऱ्याने लावलेल्या माहितीच्या पट्टीवर) थंड टायरचं प्रेशर ६५ पीएसआय लिहिलं आहे. २० अंश सेल्सिअसला तुम्ही बरोबर ६५ भरलं. तासभर चालल्यावर टायरमधली हवा ४५ अंशांवर गेली की प्रेशर साधारण ७२ होतं. यात बिघाड काही नाही, बंद जागेतली हवा तापली की एवढी वाढतेच. हिशोब करताना मात्र गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेचा १४.७ पीएसआय दाब मिळवायचा, निरपेक्ष तापमानांच्या (सेल्सिअस अधिक २७३) गुणोत्तराने गुणायचं आणि १४.७ पुन्हा वजा करायचा. नुसत्या ६५ ला गुणलं तर उत्तर कमी येतं.

आता दुपारच्या थांब्यावर तुम्ही सेन्सर स्क्रीनशी नव्याने जोडले. कित्येक किट जोडणीच्या क्षणी जे प्रेशर दिसेल तेच आधार म्हणून धरतात, म्हणजे ६५ ऐवजी ७२. खालची मर्यादा आधारापेक्षा १२ टक्के कमी असेल, तर अलार्म ६३ च्या जरा वर असतानाच वाजणार. मुक्कामाच्या जागी पहाटे ८ अंश थंडी पडली की तोच टायर, एक कणही हवा न गमावता, ६२ च्या आसपास येतो. निघताना लाल दिवा, अर्ध्या तासात टायर तापल्यावर दिवा गायब. तुम्ही म्हणता सेन्सर खराब. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो, चुकीची असते ती तुलना.

उपाय सरळ आहे. सकाळी थंड टायरमध्ये प्लेटवरचं प्रेशर भरा, आधाराचा आकडा शक्य असेल तर हाताने टाका, आणि किट तशी सोय देत नसेल तर जोडणी फक्त थंड टायरवर करा. हवामान बरंच बदललं असेल, म्हणजे उष्ण सपाटीवरून थंड डोंगरात आलात, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा थंड माप घेऊन हवा भरा. "चाललो की वाढेल" म्हणून कमी हवेवर निघू नका. प्लेटवरचा आकडा थंड टायरसाठीच दिलेला असतो, तापल्यावरची वाढ त्यात धरलेली असते.

डोंगरात आणखी एक गंमत होते. साधं गेज टायरच्या आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक दाखवतं. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब १४.७ पीएसआय, तर १५०० मीटरवर तो सुमारे १२.३. म्हणजे तापमान तेवढंच राहिलं तरी वर गेल्यावर गेज जवळजवळ अडीच पीएसआय जास्त दाखवतं. बरेच सेन्सर मात्र आतला संपूर्ण दाब मोजतात आणि त्यातून समुद्रसपाटीचा ठरावीक १४.७ वजा करून आकडा पाठवतात. त्यांना उंची कळत नाही. मग वरच्या उदाहरणातली पहाट १५०० मीटरवर उजाडली तर हातातलं गेज ६४ दाखवतं आणि स्क्रीन ६२. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. अशा वेळी सगळ्याच चाकांवर सारखा फरक दिसतो, हीच त्याची खूण. एकाच चाकावर फरक असेल तर उंचीला दोष देऊ नका.

एककाचा गोंधळ किरकोळ वाटतो, पण होतो. स्क्रीन बारमध्ये आणि डोक्यात पीएसआय. ६५ पीएसआय म्हणजे सुमारे ४.५ बार. बॅटरी बदलताना काही स्क्रीन मूळ सेटिंगवर जातात आणि मर्यादा कारच्या टायरला साजेशा होऊन बसतात. मग ६५ चा टायर त्यांना भलताच फुगलेला वाटतो आणि जास्त प्रेशरचा अलार्म थांबता थांबत नाही.

दुपारी, उन्हात, भरधाव असताना

जास्त प्रेशरचा अलार्म वाजला की हवा सोडायचा मोह होतो. सोडू नका. ४५ अंश तापलेला टायर ६५ वर आणलात, तर २० अंशांना तो ५९ च्या खाली जातो. दुसऱ्या सकाळी कमी हवेचा अलार्म, त्यावर पुन्हा भरणं, दुपारी पुन्हा सोडणं. कायमचा वाटणारा बिघाड पुष्कळदा या सोडा-भरा खेळातूनच तयार होतो.

वरची मर्यादा थंड प्रेशरच्या २० ते २५ टक्के वर ठेवा. ६५ साठी ७८ ते ८१. ती १५ टक्क्यांवर ठेवली तर टायर ५५ अंशांच्या पुढे गेला की बझर वाजायला लागतो, आणि उन्हाळ्यात भरलेला ट्रेलर वेगाने ओढताना ५५ अंश काही विशेष नाहीत.

उन्हाच्या बाजूची चाकं सावलीच्या बाजूपेक्षा तीन-चार पीएसआय वर असतात, तेही स्वाभाविक. तापमानातल्या १५ अंशांच्या फरकाने एवढं होतंच. उजवी-डावी तुलना करताना ऊन कुठून येतंय ते बघा. खरी तुलना एकाच बाजूच्या दोन चाकांची.

त्या तुलनेत एक चाक सतत दहा-बारा अंशांनी जास्त गरम दिसत असेल, तर टीपीएमएसचा विचार सोडा आणि चाकाकडे बघा. ब्रेक सुटत नसेल, बेअरिंग कोरडं पडलं असेल, किंवा ट्रेलरमधलं सामान एका बाजूला साठलं असेल. व्हॉल्व्हवर बाहेर बसणारा सेन्सर वाऱ्यात असतो, म्हणून तो टायरच्या आतलं तापमान बरंच कमी करून दाखवतो. आत रिमवर बसवलेला सेन्सर जास्त विश्वासाचा, शिवाय ड्रमची उष्णता रिममधून त्याच्यापर्यंत पोचते. बाहेरच्या सेन्सरच्या तापमानावर विसंबून "बेअरिंग ठीक आहे" असं म्हणता येत नाही. त्यासाठी थांब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर प्रत्येक हबवर धरावा. दोन मिनिटांचं काम आहे.

तापमानाचा अलार्म बहुतेक किटांत ७० अंशांवर ठेवलेला येतो. तो तसाच राहू द्या.

एकच चाक, दर दोन दिवसांनी थोडं खाली

एखादं चाक शेजारच्यांच्या तुलनेत हळूहळू मागे पडत असेल तर ती गळती. पंक्चर, टायर आणि रिमची कड, रिमची भेग, व्हॉल्व्हची पिन, हे नेहमीचे संशयित सगळ्यांना माहीत असतात. सेन्सर स्वतःच गळती करू शकतो हे मात्र सहसा लक्षात येत नाही.

टोपीसारखा सेन्सर घट्ट केला की तो व्हॉल्व्हची पिन आत दाबतो. तेव्हापासून हवा अडवण्याचं काम पिन करत नाही, सेन्सरच्या आतली रबरी रिंग करते. ती रिंग झिजली, तिच्यात वाळूचा कण अडकला किंवा सेन्सर तिरका बसला की तिथून हवा जाते. टायरचं काम करणारा सेन्सर काढून तपासतो, तेव्हा पिन पुन्हा बसते, गळती बंद होते आणि तो "सगळं ठीक" म्हणतो. म्हणून साबणाचं पाणी सेन्सर लावलेलाच असताना टाका, सेन्सर आणि व्हॉल्व्हच्या सांध्यावर. बुडबुडे दिसले तर रिंग बदला. सेन्सर पकडीने आवळू नका, हाताने घट्ट पुरतो. जास्त आवळल्याने रिंगच चिरते.

याहून चकवणारी गळती म्हणजे फक्त चालताना होणारी. उभ्या ट्रेलरवर काही सापडत नाही, रात्रभर प्रेशर जसंच्या तसं राहतं, आणि शंभर किलोमीटर चाललं की दोन पीएसआय गायब. इथे व्हॉल्व्हच्या रबरी बुंध्याकडे बघा. १५ इंची रिमच्या नेहमीच्या ट्रेलर टायरवर, ताशी १०० किलोमीटर वेगाला, व्हॉल्व्हपाशी बसलेल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण १२० पट जोर बाहेरच्या दिशेने पडतो. १० ग्रॅमचा सेन्सर तिथे सव्वा किलोसारखा ओढतो. सेन्सर न काढता हवा भरता येते अशा लांबट जातीचे सेन्सर वजनाने जास्त, म्हणजे ओढही त्या प्रमाणात जास्त. रबरी व्हॉल्व्ह या ओढीने वाकतो, बुंध्याशी बारीक चिरा पडतात, आणि चाक फिरत असतानाच त्या उघडतात. व्हॉल्व्ह बोटाने वाकवून बुंध्याशी साबणाचं पाणी टाका, बुडबुडे तेव्हा दिसतील.

उपाय म्हणजे नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह. रिमला तसं भोक आणि सपाट जागा आहे ना, हे आधी पाहून घ्या. साध्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादा तशीही ६५ पीएसआयच्या आसपास असते, त्यामुळे ८० पीएसआयच्या टायरवर तो नसलेलाच बरा, टीपीएमएस असो वा नसो. लांबट, जड सेन्सर तर धातूच्या व्हॉल्व्हशिवाय लावूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. सेन्सर टायर वाचवायला लावायचा आणि त्याच्याच वजनाने व्हॉल्व्ह तोडायचा, हा उलटा कारभार झाला.

धातूच्या व्हॉल्व्हचीही एक खोड आहे. पितळी व्हॉल्व्ह आणि अ‍ॅल्युमिनियमचा सेन्सर यांत ओलावा, त्यातही खारट ओलावा गेला की दोन्ही एकमेकांना घट्ट धरून बसतात. मग सेन्सर फिरवताना व्हॉल्व्हच पिळवटतो. पेचांवर अँटी-सीझचा (पेच जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा) अगदी पातळ हात द्या आणि मोसमातून एकदा-दोनदा सेन्सर काढून पुन्हा लावा.

स्टेपनीवरही सेन्सर असावा. ऐन वेळी स्टेपनीच बसलेली निघते ती ती कुणी बघत नाही म्हणून.

स्क्रीनवर नुसत्या रेघा

हे सेन्सर अगदी क्षीण शक्तीने बोलतात. उत्तर अमेरिकेत कारचे बरेच सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात, युरोपात ४३३.९२ वर. ट्रेलरची पुष्कळ किटं यांतल्या दुसऱ्या, म्हणजे ४३३.९२ च्या फ्रिक्वेन्सीवर असतात. बदली सेन्सर मागवताना फ्रिक्वेन्सी आणि मॉडेल दोन्ही जुळवा, नाहीतर सेन्सर चांगला असूनही कधीच जोडला जाणार नाही. ४३३ वर गाडीच्या किल्ल्या, गेटचे रिमोट, घरगुती हवामानयंत्रं असं बरंच काही बडबडत असतं, त्यामुळे गजबजलेल्या कॅम्पच्या जागी सिग्नल अडखळला तर लगेच किट बदलायला धावू नका.

मागच्या अ‍ॅक्सलचीच चाकं वारंवार गायब होत असतील तर कारण अंतर आणि धातू. सेन्सरपासून रिसीव्हरपर्यंत ट्रेलरची सगळी लांबी, मधला जोड आणि गाडीची मागची बाजू आडवी येते. ट्रेलरची कातडी अ‍ॅल्युमिनियमची आणि गाडीच्या काचांवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर विचारूच नका. यासाठी रिपीटर असतो, म्हणजे सेन्सरचा सिग्नल पकडून जोराने पुढे पाठवणारा डबा. तो ट्रेलरच्या पुढच्या टोकाकडे, अँटेना उभी ठेवून, धातूच्या पत्र्यापासून थोडा दूर बसवा. पत्र्याने वेढलेल्या सामानाच्या कप्प्यात ठेवलात तर सिग्नल निम्मा तिथेच मरतो.

रिपीटर आहे आणि तरीही रेघा येतात? मग त्याची वीज कुठून घेतली आहे ते बघा. मार्कर दिव्यांच्या (ट्रेलरच्या कडेच्या छोट्या दिव्यांच्या) वायरला जोडला असेल तर दिवे लावले तरच तो चालतो. "रात्री सगळी चाकं दिसतात, दिवसा मागची दोन जातात" ही तक्रार ऐकली की दुसरं काही शोधायची गरज नसते. ट्रेलरच्या बॅटरीला थेट जोडलात तर तो सतत चालेल, पण लांब मुक्कामात बॅटरी चाटत राहील. मधे एक स्विच टाका.

नंतर गाडीतली गर्दी. स्वस्त यूएसबी चार्जर, डॅशकॅम, काही एलईडी दिवे रेडिओची खरखर निर्माण करतात आणि तिच्यात सेन्सरचा क्षीण आवाज बुडतो. सगळी जोडलेली उपकरणं काढा, दहा-पंधरा मिनिटं चालवा, मग एकेक परत लावा. स्क्रीन ज्या सॉकेटमधून वीज घेते त्याच्याच शेजारच्या चार्जरवर पहिला संशय धरा.

प्रत्येक रेघ म्हणजे बिघाड नसतो. बॅटरी वाचवायला सेन्सर स्थिर असताना झोपतात, आणि प्रेशर स्थिर असेल तर काही मिनिटांतून एकदाच बोलतात. निघाल्यावर पाच-सहा मिनिटं वाट बघा. आत बसवलेल्या सेन्सरबाबत चाक कुठल्या कोनात थांबलंय यानेही फरक पडतो. ट्रेलर हातभर पुढे घेतला की गायब चाक परत दिसतं. ट्रेलर कॅम्पवर सोडून नुसती गाडी घेऊन बाहेर पडलात तर सेन्सर टप्प्याबाहेर जातात आणि सिग्नल हरवल्याचा अलार्म वाजतो. बऱ्याच किटांत ट्रेलरचा गट तात्पुरता बंद करायची सोय असते, ती वापरा. परतल्यावर पुन्हा सुरू करायची आठवण म्हणून जोडाच्या कडीला एक चिठ्ठी बांधली तरी चालेल.

बॅटरीचा दोष थंडीत उघडा पडतो. टोपीसारख्या सेन्सरमध्ये बऱ्याचदा सीआर १६३२ हा तीन व्होल्टचा बटण सेल असतो. थंडीत त्याचं व्होल्टेज खाली येतं, पहाटे सेन्सर मुका असतो आणि उन्हं आली की बोलायला लागतो. एकाचा सेल गेला की सगळ्यांचे बदला, बाकीचे तेवढेच जुने असतात. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो. काही उपकरणांत तो लेप संपर्क अडवतो, तेव्हा नवा सेल टाकूनही सेन्सर उठला नाही तर बिनलेपाचा टाकून बघा. टायरच्या आत बसलेल्या सेन्सरचा सेल सहसा बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षांत तो संपतो आणि पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. हे काम नवे टायर घालताना उरकून घ्या.

गाडीचा स्वतःचा दिवा

ट्रेलरचं सगळं ठीक असताना गाडीच्या डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागतो, तेव्हा लोक उगाच ट्रेलरच्या सेन्सरशी झटतात. काही गाड्यांत टायरमध्ये सेन्सरच नसतात. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून कुठलं चाक इतरांपेक्षा वेगाने फिरतंय ते ताडलं जातं, कारण हवा कमी झालेल्या टायरची त्रिज्या घटते. जोडावर ट्रेलरचा भार आला की मागचे टायर थोडे दबतात, आणि ओढण्यासाठी तुम्ही मागची हवा वाढवलेली असते. जुन्या नोंदीशी हे जुळत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे हवा भरून, ट्रेलर जोडून, ती प्रणाली नव्याने रीसेट करा. प्रवास संपून हवा पूर्ववत केली की पुन्हा एकदा.

खालची मर्यादा किती?

कारच्या नियमांतला आकडा ट्रेलरवर उतरवू नका. अमेरिकेतल्या नियमानुसार कारचा दिवा प्रेशर २५ टक्के खाली गेल्यावर लागला तरी चालतो. ट्रेलरच्या टायरला हे परवडत नाही. एसटी २०५/७५ आर १५ (एसटी म्हणजे खास ट्रेलरसाठीचा) हा नेहमीचा टायर घ्या. ६५ पीएसआयवर लोड रेंज डी या भारक्षमतेच्या वर्गातला असा एक टायर सुमारे ९७५ किलो उचलतो, ५० वर सुमारे ८२५. म्हणजे २५ टक्के हवा जाईपर्यंत थांबलात तर प्रत्येक चाकामागे दीडशे किलोची ताकद गेलेली असते, आणि ट्रेलर बहुधा त्या हद्दीच्या जवळच भरलेला असतो.

मी खालची मर्यादा थंड प्रेशरच्या १० टक्के खाली ठेवतो, थंडी-डोंगराचा मोसम असेल तर १२. याहून खाली नाही. १० टक्क्यांवर सकाळी एखादा फुकटचा अलार्म वाजला तर वाजू दे, गेज लावायला निमित्त होतं. जलद गळतीचा अलार्म वेगळा असेल तर तो कधीच बंद करू नका. तो या मर्यादांची वाट न बघता अचानक पडणाऱ्या प्रेशरवर वाजतो.

हे सगळं जुळलं तरी टायरचं वय आणि आतल्या थरांची पकड टीपीएमएसला दिसत नाही. साइडवॉलवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक बघा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पाच-सहा वर्षं झालेला ट्रेलर टायर नक्षी कोरी असली तरी बदलायला झालेला असतो, आणि नक्षीचा पट्टा सुटून फुटणारा टायर शेवटच्या क्षणापर्यंत स्क्रीनवर हिरवाच असतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी

काहीही बदललं असेल, सेल, रिपीटर, व्हॉल्व्ह किंवा मर्यादा, तर रस्त्यावर उतरण्याआधी एक चाचणी करा. ट्रेलर जोडा, इंजिन सुरू करा, दिवे बंद ठेवा, चार्जर आणि डॅशकॅम नेहमीसारखे लावलेले असू द्या. एकाला स्क्रीनसमोर बसवा. दुसऱ्याने जाऊन सगळ्यात मागच्या, रिसीव्हरपासून सगळ्यात दूरच्या चाकाचा टोपी-सेन्सर काढावा. काही सेकंदांत बझर वाजला पाहिजे आणि स्क्रीनवर तेच चाक दिसलं पाहिजे. सेन्सर आत बसवलेला असेल तर थोडी हवा सोडून बघा आणि लगेच पुन्हा भरा. वाजला पण चाक दुसरंच दिसलं, तर चाकं फिरवून लावताना सेन्सरच्या जागा बदलल्या आहेत, त्या नव्याने नोंदवा. वाजलाच नाही तर दिवे लावून हीच चाचणी पुन्हा करा. आता वाजला, तर रिपीटरची वायर कुठे जोडली आहे ते बघायला खाली वाका.